नाताळच्या पाट्या

माझा एम पुसताना मी तिला पकडलं.

दुपारची वेळ होती. जेवणं उरकून आम्ही बायका पडवीत चटया टाकून लवंडलो होतो. मांजराने रंगाची वाटी कलंडवली, त्या आवाजाने मला जाग आली आणि बघते तर माझी सून वृंदा मागल्या दारात उकिडवी बसलेली. मांडीवर लाकडाची पाटी, हातात ओलं फडकं. आणि फडक्याला लागलेला तो लाल रंग माझा.

"काय करतंस गो?"

ती अशी दचकली की पाटी खालीच पडायची. "काय नाय, आये. रंग ओघळलो होतो."

"माझो रंग ओघळलो? ह्या हातान चाळीस वर्सां बावल्यांचे डोळे रंगवले. एक डोळो कधी ओघळलो नाय, आणि एम ओघळलो?"

ती गप्प. पोरीचं तेच मला खुपायचं. भांडली असती तर मी चार शब्द जास्त बोलून मोकळी झाले असते. पण ही खाली मान घालून फडक्याची घडी करत बसली. बाजूला आणखी तीन पाट्या होत्या, त्यांच्यावरचाही माझा एम पुसलेला. एकावर तर तिने नवा काढून ठेवला होता. अगदी माझ्यासारखा, खालचं टोक किंचित आत वळवलेला.

आता ही हकिगत तेहतीस वर्षांपूर्वीची. वृंदा आज स्वतः दोन सुनांची सासू आहे. पण ते फडकं मला काल बघितल्यासारखं दिसतं.

आमचं घर सावंतवाडीच्या चितारआळीत. लाकडी फळं, बाहुल्या, पाट, चौरंग हे पिढीजात काम. माझा मुलगा सदानंद लाकूड कातायचा, रंगाचं काम बायकांचं. दिवाळी सरली की म्हापशाहून मिंगेल नावाचा व्यापारी यायचा आणि नाताळच्या पाट्यांचं काम देऊन जायचा. वीतभर रुंद पाटी, कडेला हिरवी पानं, मधे दोन ओळींत इंग्रजीतून मेरी ख्रिसमस. किरिस्तावांच्या दारावर टांगायची.

मी चौथीपर्यंत गेले, तीही मास्तर समोर राहायचे म्हणून. मराठी पोथी वाचते, सही करते. इंग्रजी आमच्या पडवीत कुणालाच येत नव्हतं, वृंदा सोडून. ती आरोंद्याची, दहावी पास. पण काम अडत नव्हतं, कारण आम्ही ते वाचून करतच नव्हतो. मिंगेलने दिलेली नमुन्याची पाटी भिंतीला टांगलेली असे. शब्द मोठा, पण अक्षरं मोजली तर दहाच निघतात, तीच तीच फिरून येतात. पाच बायका, प्रत्येकीला दोन. माझा एम म्हणजे दोन सुळक्यांचा डोंगर आणि ए म्हणजे देवळाचं शिखर. गुलाबकडे फणी होती आणि एक तंगडी पुढे टाकलेली बाई. आनंदीकडे खांब आणि शिडी. शेवंतीच्या वाट्याला बेचकी आणि विळा. काठी आणि शेवटचा साप वृंदाचा. पाटी हातोहात सरकत जायची आणि टोकाला पोचेपर्यंत शब्द तयार.

यात एक नियम होता, माझ्या सासूपासूनचा. कुठल्याही कामाला पहिला हात घरातल्या मोठ्या बाईचा. त्यामुळे कोऱ्या पाटीवर आधी मी माझी अक्षरं मांडायची. वरच्या ओळीत डाव्या कडेला एक डोंगर. खालच्या ओळीत डावीकडून सहा बोटं सोडून दुसरा डोंगर, आणि उजव्या कडेपासून एक बोट सोडून शिखर. उरलेल्या जागा बाकीच्या भरायच्या. मिंगेल सांगायचा, सगळ्या आळीत म्हाळसाबायच्या पाट्या शुद्ध. मी ते नळावर, देवळात, लग्नात, जिथे चार बायका भेटतील तिथे ऐकवायची. चौथी शिकलेय, पण माझं इंग्रजी म्हापशात चालतं, म्हणायची.

आणि तीच अक्षरं ही कालची पोर ओल्या फडक्याने पुसत होती.

एव्हाना बाकीच्या तिघी उठून बसल्या होत्या. गुलाब म्हणाली, "जावंदे गो काकी, पोर ती."

"पोर? दहावी शिकान इली म्हणान आता सासूचो हात पुसूक लागली. उद्या माका पुसतली." आणि मग तोंडाला आवर राहिला नाही. मी म्हटलं, "माझो हात नको, तर माझा घर तरी कित्याक होया तुका?"

वृंदाने वर बघितलं. पुसलेल्या पाट्या एकावर एक रचून ठेवल्या, फडकं धुतलं, वाळत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आये, आवशीकडे जावन येतंय."

"कधी येतलंस?"

"बघतंय," म्हणाली, आणि वाकून पाया पडून गेली.

तीन दिवस मी पडवीत पहिल्यापेक्षा जास्त बोलले. वृंदाच्या शेवटच्या पाटावर कुणाला बसू दिलं नाही. तिची काठी नि साप मीच काढायला लागले, आणि प्रत्येक पाटीला सांगायची, बघा, अडलं का काही? बायका हूं हूं करायच्या. सदानंद जेवायला यायचा, ताटावर बसायचा आणि उठायचा. शुक्रवारी मीच म्हटलं, "जा रे, घेवन ये बायलेक. लोकांक काय सांगू?"

तो हात धुता धुता म्हणाला, "आये, रात्रभर लाकूड कात म्हण, कातीन. पण तिका आणूक माका सांगू नको. तू धाडलंस, तूच आण."

"मी? मी विहिणीच्या दारात जावू?"

"मगे रवांदे," म्हणाला आणि गेला. बापासारखाच. कमी बोलायचं आणि नेमकं दुखेल तिथे.

शनिवारी सकाळी मिंगेल जीप घेऊन आला. मंगळवारी म्हापशात त्याचं नाताळचं दुकान लागायचं होतं, निम्मा माल त्याला आधी हवा होता. त्या आठवड्याच्या साठ पाट्या मी ओटीवर मांडून ठेवल्या होत्या. रोगण तेवढं बाकी होतं. तो एकेक पाटी उचलायचा, बघायचा आणि दोन रांगांत लावायचा. डावीकडे भराभर टाकत होता. उजवीकडच्या मात्र हातात धरून नीट बघत होता. मला वाटलं, या जास्त आवडल्या. मी आनंदीला कोपराने ढोसलं.

शेवटी तो उठला, टोपी काढली आणि म्हणाला, "म्हाळसाबाय, या तेवीस मी नेऊ शकत नाही."

"कित्याक? रंग लागलो नाय?"

"रंग झकास आहे." त्याने भिंतीवरची नमुन्याची पाटी काढली आणि उजव्या रांगेतल्या एकीशेजारी ठेवली. "बोट ठेवून बघ. इथे आधी टी, मग एम. तुझ्यात आधी एम, मग टी."

मी बोट ठेवलं. नमुन्यात खांब आधी होता, मग डोंगर, मग शिखर. माझ्या पाटीत डोंगर आधी आणि खांब डोंगर नि शिखराच्या मधे अडकलेला. मी डावीकडून बोटं मोजली. पाच. दुसरी पाटी घेतली. पाच. तिसरीत सहा होती, ती त्याने डावीकडेच ठेवलेली होती.

सहा बोटं मोजताना माझं तोंड चालू असलं की पाच व्हायची, एवढीच ती गोष्ट. डोंगर एक बोट अलीकडे आला की शिखराआधी एक भोक पडायचं, आणि आनंदी बिचारी खांबाला जागा शोधत त्या भोकात तो रोवून द्यायची.

मिंगेल हसत नव्हता, हे त्याचे उपकार. तो म्हणाला, "तीन वर्षांमागे तुझ्या अशाच कितीतरी परत केल्या होत्या, आठवतं?"

मला आठवत होतं. तेव्हा मी आळीभर सांगितलं होतं की म्हापशाच्या माणसाला लाल रंगाची पारख नाही.

"त्यानंतर दोन वर्षं एक चूक नाही. मी गिऱ्हाइकांना सांगतो, सावंतवाडीच्या बायच्या पाट्या डोळे मिटून घ्या. घरात कोणी तपासणारं आलंय, असं मी समजत होतो. ते माणूस गावाला गेलंय का?"

मी म्हटलं, "गेलाहा. येतला."

तो डाव्या रांगेतल्या पाट्या घेऊन गेला. उरलेल्या तेवीस मंगळवारपर्यंत म्हापशाला पोचवा, नाहीतर पुढल्या वर्षी दुसरं घर बघावं लागेल, एवढं मात्र जाता जाता सांगून गेला.

जीप वळणावर गेली, तरी मी ओटीवरच. तिघी बायका आपापल्या पाटावर बसून ब्रश धूत होत्या. धुतलेलेच पुन्हा.

"तुमका म्हायत होता?" मी विचारलं.

मग गुलाबच म्हणाली, "काकी, वृंदा दुपारची कधी निजूक नाय. दोन वर्सां. आमी डोळे मिटून पडाचो, आणि ती एकेक पाटी बघून पुसायची, परत काढायची. तुमचो एम काढूक तिका पयलो महिनो लागलो. जुन्या वहीत पानांची पानां भरल्यान."

"आणि माका कोणी सांगूक नाय?"

"तुमका?" आनंदी म्हणाली. "तुमका कोण सांगतला, काकी? आमका काय जीव नको झालो?"

एरवी हसले असते. गुलाब पुढे म्हणाली, "मी एकदा म्हटलंय तिका, सासूक सांग गो सरळ. तर म्हणता, आये नळावर जावन केवढ्या अभिमानान सांगतत. माझ्या दुपारच्या झोपेपरास ता बरा."

मी घरात गेले. देवापुढे उभी राहिले, पण देवाशी बोलण्यासारखं काही नव्हतं. जे बोलायचं होतं ते आरोंद्याला होतं.

रविवारी सकाळच्या एसटीने निघाले. तेवीस पाट्या जुन्या लुगड्यात बांधून हाऱ्यात, रंगाच्या वाट्या वेगळ्या. कंडक्टरने विचारलं, "आजये, दुकान घालतंस?" त्याला मी काही बोलले नाही, यावरून माझी काय अवस्था असेल ते समजावं. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. 'कामाची घाई आहे, चल.' हे बरं वाटलं. यात माफी नव्हती, नि खोटंही नव्हतं. 'सदानंद जेवत नाही,' हे त्याहून बरं. यात तर माझा संबंधच नव्हता.

माझी विहीण द्रौपदी खळ्याच्या कडेला विळीवर बांगडे साफ करत बसली होती. लग्नातच आमची ओळख पटली होती. दोघींच्या जिभा एकाच सहाणेवर लावलेल्या. मला वाटलं, आता ही मला दारातच सोलून काढणार. मी पदर खोचला.

पण ती हाताचे खवले झटकत उठली आणि तोंडभर हसली. "या, या विहीणबाय! बसा. अशी सासू खंय शोधून गावाची नाय. माका वृंदान सगळा सांगल्यान."

"काय सांगल्यान?"

"कामाची एवढी घाई, तरी तुमी म्हणालास, वृंदा, तुझी पाठ दुखता, जा, चार दिस आवशीकडे रव. माझ्या सासून माका बाळंतपणात सुद्धा सोडूक नाय, विहीणबाय. पुण्यवान माझा चेडू."

वृंदा आतल्या दाराच्या चौकटीत उभी होती. डोळे सुजलेले. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. अगदी किंचित, आईला दिसू नये इतकी. सांगू नका, म्हणत होती. इथेही तिने माझं अक्षर पुसून नीट काढून ठेवलं होतं.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. चहा प्यायचा, विहिणीची चार कौतुकं ऐकायची, दुपारच्या गाडीने सुनेला घेऊन घरी. माझी जुळवून आणलेली वाक्यंसुद्धा लागली नसती. आळीत कळलं नसतं, आरोंद्यात कळलं नसतं. आणि ती पोर पुढची तीस वर्षं दुपारी जागत राहिली असती.

मी हारा खाली ठेवला. "विहीणबाय, तुमचा चेडू खोटा बोलता."

"आये," वृंदा म्हणाली.

"तू गप. दोन वर्सां गप रवलंस, आता आणखी थोडा." मी विहिणीकडे बघितलं, कारण वृंदाकडे बघून मला ते बोलता आलं नसतं. "मी तिका धाडूक नाय. मी तिका म्हटलंय, माझो हात नको, तर माझा घर नको. चार बायकांसमोर म्हटलंय. आणि चूक माझी होती. माझी बोटां मोजूक चुकतत, आणि ही दुपारची झोप मोडून ती सारखी करी होती, कोणाक कळू नये म्हणान. माका इंग्रजी वाचूक येणा नाय. तिका येता. ता माका सोसला नाय. बास."

विहीण परत विळीवर बसली. बांगडा उचलला, डोकं उडवलं, पोट साफ केलं. दुसरा उचलला. मला वाटलं, हिने ऐकलं की नाही?

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. मान वर न करता. "डोळे सुजवून इलेला चेडू म्हणता, सासून विश्रांतीक धाडल्यान. आवस काय आंधळी आसा? मी फकस्त बघी होतंय, तुमी गप बसतास काय ता."

"आणि बसलंय असतंय तर?"

"तर चाय मिळाली असती. चेडू मिळाला नसता."

मी आजवर पुष्कळ बायकांशी भांडले. पण मला गप्प करणारी ही एकच.

वृंदा पायऱ्या उतरून आली, हाऱ्यावरचं लुगडं सोडलं. "किती?"

"तेवीस."

एक पाटी उचलून तिने उजेडात धरली. "माझी झोप किती गेली, त्याचो हिशोब तुमी करूक नाय, आये. आता मी दुपारची निजतलंय." नाक ओढून तिने डोळे पुसले. "आणि दुसरो डोंगर खांब झाल्याशिवाय काढूचो नाय."

"पयलो हात मोठ्या बाईचो, ह्यो माझ्या सासूचो..."

"वरचो डोंगर तुमचो. तो पयलो. खालचो मागसून."

मी तोंड उघडलं. विळीवरून विहिणीने नुसती नजर वर केली. मी म्हटलं, "बरां."

"आणि मी आज येणा नाय," वृंदा म्हणाली. "उद्या. आज ह्यो पाट्या हयच करूया."

"मगे मी पण रवतंय," मी म्हटलं. म्हटल्यावर मलाच नवल वाटलं. लग्न झाल्यापासून मी कधी विहिणीच्या, बहिणीच्या, कुणाच्याच घरी मुक्काम केला नव्हता. माझ्याशिवाय चितारआळीतला सूर्य उगवणार नाही, अशी माझी समजूत.

पाट्या त्या दिवशी झाल्या, मंगळवारी म्हापशाला पोचल्या, आणि मिंगेल पुढे कितीतरी वर्षं आमच्याच दारात येत राहिला. ते सगळं व्हायचंच होतं. मला जास्त आठवतं ते जेवण.

विहिणीने भात वाढला, त्यावर बांगड्यांचं तिखलं. मी पहिला घास घेतला. तिखलं खारट झालं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलंच. बोलण्याच्या नादात तिने मीठ दोनदा घातलं असणार. माझ्या स्वयंपाकघरात असं झालं असतं तर मी टोप उचलून विहिरीपर्यंत गेले असते. विहिणीने स्वतः घास घेतला आणि तिचा हात थांबला. वृंदाने ताटावरून माझ्याकडे बघितलं.

मी भात कालवला. खाल्ला. आणि ताट पुढे करून म्हटलं, "आणखी वाढा, विहीणबाय."